जुळ्या गाड्या, वेगळी आडनावे

बहरीनमध्ये नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबाच्या अंदाजपत्रकात घरभाडे आणि मुलांच्या शाळेची फी यांच्या खालोखाल मोठा आकडा असतो तो गाडीचा. रिफात राहणाऱ्यांना तर गाडीवाचून गत्यंतरच नाही. ऑफिस मनामात, धाकट्याची शाळा रिफात, थोरल्याची ईसा टाऊनमध्ये, आणि मंडळाचा कार्यक्रम आणखी तिसरीकडे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे झुकला की पायी चालण्याचा विचारही नको. म्हणून गाडी घ्यावी लागते, आणि ती घेताना आपण जेवढी चौकशी करतो तेवढी घर भाड्याने घेतानाही करत नाही. एवढे करूनही एक प्रश्न विचारायचा बहुधा राहून जातो. तो प्रश्न असा : "या गाडीची जुळी बहीण कोणती?"

प्रश्न विचित्र वाटेल, पण आहे अगदी व्यवहाराचा. बाजारात आज अशा कितीतरी गाड्या आहेत की ज्या एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून बाहेर पडतात आणि पुढच्या जाळीवर वेगवेगळे बिल्ले लावून वेगवेगळ्या दुकानांत जातात. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, दरवाजे आणि काचाही बहुतेक त्याच. बदलते ती पुढची जाळी, बंपर, दिव्यांची ठेवण, सीटचे कापड आणि स्टिअरिंगवरची खूण. वाहन उद्योगात याला 'बॅज इंजिनिअरिंग' असे भारदस्त नाव आहे. साध्या मराठीत सांगायचे तर बिल्लाबदल.

आपल्या पिढीला हा प्रकार नवा नाही. हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बॅसेडर ही मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. मुंबईच्या टॅक्सीचा चेहरा बनून राहिलेली प्रीमियर पद्मिनी ही इटलीची फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीला १९७० च्या दशकात आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' असे नाव मिळाले. तरी मुंबईकर तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हाही हळहळणाऱ्यांच्या तोंडी फियाट हाच शब्द होता. बिल्ला बदलला तरी मूळ ओळखण्याची आपली नजर तेव्हा शाबूत होती, कारण बाजारात गाड्याच मुळी दोन-तीन होत्या. आज ती नजर पुरी पडत नाही.

बहरीनच्या रस्त्यावरच पाहा. शेव्हरोले टाहो आणि जीएमसी युकॉन या दोन धिप्पाड गाड्या इथे पावलोपावली दिसतात. दोन्ही अमेरिकेत टेक्सासमधील आर्लिंग्टनच्या एकाच कारखान्यात तयार होतात. लेक्सस एलएक्स ही १९९६ पासून टोयोटा लँड क्रूझरचीच उंची पोशाखातली बहीण. काही वर्षांपूर्वी इथे फार लोकप्रिय असलेल्या शेव्हरोले कॅप्रिस आणि ल्युमिना या गाड्या अमेरिकन नव्हत्याच. त्या ऑस्ट्रेलियाच्या होल्डन कंपनीच्या गाड्या होत्या आणि बिल्ला तेवढा शेव्हरोलेचा होता. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये होल्डनचा ऑस्ट्रेलियातील कारखाना बंद पडला आणि २०२० मध्ये होल्डन हे नावच पुसून टाकण्याचा निर्णय झाला. अमेरिकन गाडी घेतली असे समजणाऱ्याला ऑस्ट्रेलियातल्या या बातमीशी आपला काही संबंध आहे असे वाटण्याचे कारणच नव्हते. पण संबंध होता.

आता आपल्या अधिक जवळची उदाहरणे. २०१९ मध्ये भारतात आलेली एमजी हेक्टर पुण्यात ठायी ठायी दिसते. मुळात ती बाओजुन ५३० ही चिनी गाडी. तीच गाडी आखातात २०२१ पासून 'शेव्हरोले कॅप्टिव्हा' या नावाने आली. म्हणजे पुण्यातला भाऊ हेक्टर चालवतो आणि रिफातली बहीण कॅप्टिव्हा, आणि फोनवर दोघे एकमेकांना आपापल्या गाडीचे कौतुक सांगतात! शेव्हरोले ग्रूव्ह ही अशीच बाओजुन ५१०.

पण या विषयातला सर्वांत मोठा संसार मांडला आहे तो टोयोटा आणि सुझुकी यांनी. या दोन जपानी कंपन्यांची बोलणी २०१७ मध्ये सुरू झाली, मार्च २०१८ मध्ये भारतात एकमेकींना गाड्या पुरवण्याचे ठरले आणि २०१९ मध्ये टोयोटाने सुझुकीचे ४.९ टक्के भाग घेतले. त्यानंतर मारुतीची बलेनो टोयोटाची 'ग्लँझा' झाली, ब्रेझा 'अर्बन क्रूझर' झाली, एर्टिगा 'रुमियन' झाली आणि २०२४ मध्ये फ्राँक्स 'टायझर' झाली. उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस जुलै २०२३ मध्ये मारुतीची 'इन्व्हिक्टो' म्हणून आली. ग्रँड व्हिटारा आणि ह्यरायडर या बहिणींचा जन्म तर कर्नाटकात बिडदीच्या टोयोटा कारखान्यातच झाला.

कंपन्या हे का करतात? नवी गाडी अगदी कोऱ्या कागदापासून उभी करायची तर प्रचंड भांडवल आणि काही वर्षांचा काळ लागतो. टोयोटाजवळ भारतात खपेल अशी छोटी स्वस्त गाडी नव्हती. सुझुकीजवळ मोठी हायब्रीड गाडी नव्हती. दोघींनी शेजारणींसारखी वाटीभर साखर इकडे आणि वाटीभर डाळ तिकडे केली. कारखाना पूर्ण वेळ चालतो, सुट्या भागांची खरेदी मोठ्या प्रमाणात होऊन स्वस्त पडते आणि दोन्ही दुकानांत माल भरलेला राहतो. यात अनैतिक काही नाही. इंग्लंडमध्ये १९५९ साली मिनी ही गाडी ऑस्टिन आणि मॉरिस अशा दोन नावांनी एकदमच विकायला काढली होती. तेव्हा ही फसवणूक आहे असा सूर लावणाऱ्यांशी मी सहमत नाही.

मात्र दुसऱ्या टोकाचा सूरही मला मान्य नाही. "पत्रा तोच, इंजिन तेच, मग नावाला जादा पैसे मोजणारा मूर्ख," असे आपल्या बैठकींतून ठासून सांगणारे पुष्कळ आहेत. हिशेब इतका सोपा नाही. नाव म्हणजे नुसता पितळी बिल्ला नव्हे. त्या नावामागे हमीपत्र असते, सर्व्हिस सेंटर असते, सुट्या भागांचे कोठार असते आणि गाडी विकायला काढली की दारात येणारे गिऱ्हाईक असते. या चार गोष्टींची किंमत दिनारात मांडता येते, आणि ती मांडूनच निर्णय घ्यावा असे माझे म्हणणे आहे.

एक नमुन्याचा हिशेब करू. यातले आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, ते कोणत्याही विशिष्ट गाडीचे नव्हेत. धाकट्या नावाची गाडी ६,००० दिनारला आणि मोठ्या नावाची तिची जुळी ६,६०० दिनारला मिळते असे धरू.

पहिली शक्यता : चार वर्षांनी गाडी विकली. धाकट्या नावाला मूळ किमतीच्या ५० टक्के आले, मोठ्या नावाला ५५ टक्के. पहिल्या गाडीत ३,००० दिनार गेले, दुसरीत २,९७०. पण सुरुवातीला जे ६०० दिनार जास्त गुंतले त्यांवर सरळ ४ टक्क्यांनी चार वर्षांचे व्याज ९६ दिनार होते. म्हणजे मोठे नाव एकंदरीत ६६ दिनारने महाग पडले. महिन्याला दीड दिनारही नाही! अशा वेळी जिचे सर्व्हिस सेंटर घराजवळ आहे आणि जिचा मेकॅनिक विश्वासाचा आहे ती गाडी घ्यावी, नावाचा विचार सोडून द्यावा.

दुसरी शक्यता : वर्षभरातच नोकरीवर गदा आली. आखातातल्या माणसाने ही शक्यता कधीही विसरू नये. घाईने गाडी विकायची तर मोठ्या नावाला ८२ टक्के आणि धाकट्या नावाला ७५ टक्के आले असे धरू. पहिल्या गाडीत १,५०० दिनार बुडाले, दुसरीत १,१८८. वर्षाचे व्याज २४ दिनार वजा केले तरी मोठ्या नावाने २८८ दिनार वाचवले. अशा दिवसांत ही रक्कम म्हणजे कुटुंबाची परतीची तिकिटे.

तिसरी शक्यता : गाडी दहा वर्षे वापरली. तोवर दोन्ही बहिणी म्हाताऱ्या झालेल्या असतात आणि दोघींनाही १५ टक्केच येतात. पहिलीत ५,१०० गेले, दुसरीत ५,६१०. वर जादा गुंतवलेल्या रकमेचे दहा वर्षांचे व्याज २४० दिनार. मोठे नाव साडेसातशे दिनारला पडले.

यातून निघणारा नियम साधा आहे. ज्याचा मुक्काम अनिश्चित, त्याने पुनर्विक्रीला चांगले नाव घ्यावे. ज्याचे बस्तान पक्के आणि जो गाडी जीर्ण होईपर्यंत वापरणार, त्याने स्वस्त बहीण घ्यावी. आपल्याकडे नेमके उलट होते. नवा आलेला तरुण, दोन वर्षांचा करार हातात, जे स्वस्त मिळेल ते उचलतो. वीस वर्षे इथे असलेले काका प्रतिष्ठेसाठी महागडा बिल्ला घेतात आणि तो बारा वर्षे पुसत बसतात.

जुन्या गाड्यांच्या बाजारात तर या ज्ञानाचे थेट पैसे होतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे टोयोटा आणि जनरल मोटर्स यांच्या भागीदारीतल्या कारखान्यात १९८९ पासून टोयोटा कोरोला आणि जिओ प्रिझम या जुळ्या गाड्या एकाच पट्ट्यावर तयार होत. तरीही कोरोलाचा खप जास्त आणि जुन्या कोरोलाला भावही जास्त. प्रिझम नवी घेणाऱ्याला या गोष्टीचा फटका बसला आणि जुनी घेणाऱ्याला लाभ झाला, कारण त्याला कोरोलाचेच इंजिन कमी पैशांत मिळाले. नव्या आलेल्या सभासदाने जुनी गाडी घ्यायची झाली तर हेच सूत्र धरावे : मजबूत गाडीची कमी नावाजलेली बहीण शोधावी. घसारा आधीच्या मालकाने सोसलेला असतो.

मात्र इथे एक मेख आहे. इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन, फिल्टर हे भाग बहिणी-बहिणींत सामाईक असतात. सलमाबादच्या गॅरेजमधला अनुभवी मेकॅनिक एकीचा भाग दुसरीला सहज बसवतो, आणि दोन कंपन्यांच्या खोक्यांतून येणाऱ्या त्याच भागाच्या किमतीत फरकही असू शकतो. पण सामाईक नसतो तो चेहरा! पुढचा बंपर, जाळी, दिवे हे प्रत्येकीचे वेगळे, आणि अपघातात पहिल्यांदा फुटतो तो हाच भाग. ज्या नावाच्या गाड्या देशात कमी, तिचा एक हेडलाइट यायला आठवडेच्या आठवडे लागू शकतात, मग तिची बहीण गल्लोगल्ली का फिरत असेना. म्हणून कमी खपाच्या बिल्ल्याची गाडी घेताना इंजिनची चौकशी नंतर करावी, आधी बंपर आणि दिव्यांची किंमत व ते मिळायला किती दिवस लागतात ते विचारावे. विमा घेताना दुरुस्ती एजन्सीत होणार की बाहेरच्या गॅरेजात, तेही लिहून घ्यावे.

इथवर पैशाचा विचार झाला. आता जिवाचा. आपले हे पान आरोग्याचेही आहे, आणि मला खरी काळजी वाटते ती इथे.

गाडीत दोष सापडला की कंपनी त्या गाड्या परत बोलावते, म्हणजे 'रिकॉल' करते. दोष जर सामाईक भागात असेल तर तो दोन्ही बहिणींत असतो. पण बातमी गाजते ती मोठ्या खपाच्या नावाची. जुलै २०२० मध्ये इंधनपंपाच्या शंकेमुळे मारुतीने वॅगन आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या परत बोलावल्या. त्याच महिन्यात टोयोटाने सुमारे ६,५०० ग्लँझा परत बोलावल्या. जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅगच्या नियंत्रकात दोष असण्याच्या शक्यतेवरून मारुतीने १७,३६२ गाड्या तपासायला घेतल्या, आणि टोयोटाने त्याच कारणासाठी १,३९० ग्लँझा व ह्यरायडर. आकडे पाहा. पहिली बातमी ठळक मथळ्याची, दुसरी कोपऱ्यातली. सांगलीत किंवा नाशकात आईवडिलांसाठी आपण इथून पैसे पाठवून ग्लँझा घेऊन दिलेली असते. बलेनोची बातमी वाचून आपण म्हणतो, "बरे झाले, आपली टोयोटा आहे." एअरबॅगला मात्र पुढच्या जाळीवर कोणाचा बिल्ला आहे ते ठाऊक नसते.

टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचे प्रकरण तर आखातात राहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. त्या एअरबॅग फुगवणारे रसायन वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमट हवेने बिघडते, आणि अपघाताच्या वेळी धातूचा डबा फुटून त्याचे तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. उष्णता आणि दमटपणा! बहरीनच्या ऑगस्ट महिन्याचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही. जगभरात कोट्यवधी एअरबॅग बदलाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये टाकाटा दिवाळखोरीत गेली. त्या याद्यांत टोयोटा, होंडा, निसान यांच्याबरोबर पॉन्टियॅक व्हाइब हीसुद्धा होती. व्हाइब म्हणजे टोयोटा मॅट्रिक्सची जुळी बहीण. पॉन्टियॅक हे नाव २०१० मध्येच संपले. ज्या नावाचे दुकानच उरले नाही त्या गाडीच्या तिसऱ्या-चौथ्या मालकापर्यंत सूचना पोचणे किती अवघड! आखातात अमेरिकेतून आलेल्या जुन्या गाड्या विकल्या जातात, म्हणून हे सांगितले.

याच्या उलट चूकही होते. बहिणी म्हणजे सर्व बाबतींत सारख्या, असे धरून चालणेही धोक्याचे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या काही गाड्यांची धडक-चाचणी प्रसिद्ध केली. त्यात पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन पोलोला एअरबॅगविना शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅगसह चार. नाव तेच, कारखाना तोच, तरी एक गाडी जीव वाचवणारी आणि दुसरी नाही. एकाच नावात एवढा फरक पडतो, तर दोन नावांत आणि दोन देशांत किती पडेल? आखातासाठी बनवलेल्या गाडीचा एसी, रेडिएटर, एअरबॅगची संख्या ही भारतातल्या बहिणीपेक्षा वेगळी असू शकते. पुण्याच्या भावाचा अनुभव रिफाला जसाच्या तसा लागू करू नये, आणि रिफाचा पुण्याला.

नावांचा घोळ तर आणखी पुढे गेला आहे. 'टोयोटा अर्बन क्रूझर' म्हणजे २०२० साली भारतात ब्रेझाची बहीण. आखातात याच नावाने येते ती ह्यरायडर, म्हणजे ग्रँड व्हिटाराची बहीण. युरोपात याच नावाने विजेवरची तिसरीच गाडी आली, ती सुझुकी ई-व्हिटाराची बहीण. 'कॅप्टिव्हा'चेही तसेच. जुनी कोरियाची, नवी चिनी घराण्याची. सुट्टीत भारतातून स्वस्तात फिल्टर किंवा ब्रेक पॅड आणणाऱ्या आपल्या बांधवांनी नुसत्या नावावर विसंबू नये. पार्ट नंबर पाहावा.

आता थोडे विषयांतर वाटेल, पण नाही. आपल्या औषधांच्या डब्यात काय आहे ते आठवा. भारतातून आणलेली क्रोसिन किंवा कॅल्पॉल, आणि इथल्या फार्मसीतून घेतलेली पॅनाडॉल. तिन्ही पॅरासिटामॉल. याही जुळ्या बहिणीच. तापात सकाळी एक क्रोसिन, दुपारी पॅनाडॉल आणि रात्री सर्दीची एखादी गोळी, जिच्यात पुन्हा पॅरासिटामॉल असते, असे तीन वेगळी औषधे समजून घेणारी माणसे आपल्यात आहेत. प्रौढाने चोवीस तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, यापलीकडे जाऊ नये, नाहीतर यकृताला इजा होते. यकृताचा विकार असेल किंवा मद्यपान असेल तर डॉक्टरांना विचारून त्याहूनही कमी. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो. तो अंदाजाने देऊ नये.

पण औषधाच्या बाबतीत एक सोय आहे. पट्टीवर मोठ्या नावाशेजारी मूळ औषधाचे नाव छापलेले असते. चष्मा लावून वाचले तर चूक टळते. गाडीच्या बाबतीत ही सोय नाही, आणि ती असावी अशी माझी मागणी आहे. गाडीच्या माहितीपत्रकात एक ओळ छापावी : ही गाडी अमुक कारखान्यात तयार झाली असून तिच्या यांत्रिक भागांची रचना अमुक गाडीशी समान आहे. एवढेच. याने कोणाचे गुपित फुटत नाही. जाणकारांना ते ठाऊकच असते. अंधारात राहतो तो ज्याच्यापाशी चौकशीला वेळ किंवा भाषा नाही तो.

विक्रेते म्हणतील, असे छापले तर गिऱ्हाईक स्वस्त बहिणीकडे जाईल. भारतातला अनुभव तसा नाही. ग्लँझा म्हणजे बलेनो हे पहिल्या दिवसापासून जगजाहीर होते, तरी ग्लँझा चांगली खपली. कारण टोयोटाने सुरुवातीपासून ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरची हमी दिली, आणि बलेनोची हमी तेव्हा २ वर्षे किंवा ४० हजार किलोमीटर होती. गिऱ्हाइकाने जादा पैसे डोळे उघडे ठेवून मोजले, कारण त्या पैशांच्या बदल्यात काय मिळते ते त्याला दिसत होते. पुढे जुलै २०२४ मध्ये मारुतीनेही आपली हमी ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर केली. उघड स्पर्धेचा हा फायदा गिऱ्हाइकालाच मिळाला. झाकलेल्या नात्यातून तो मिळाला नसता.

तोवर आपल्या हातात जे आहे ते आपण करावे. सभासदांच्या सोयीसाठी चार गोष्टी नमूद करतो :

१) गाडी ठरवण्यापूर्वी तिची बहीण शोधा, आणि दोघींची किंमत, हमी, सर्व्हिसचा खर्च व चार वर्षांच्या जुन्या गाडीचा भाव एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहा.

२) मालकीच्या कार्डावरचा १७ अक्षर-अंकांचा चॅसिस नंबर वहीत उतरवून ठेवा. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यापूर्वी आणि उन्हाळ्यानंतर, एजन्सीला तो नंबर देऊन रिकॉलची चौकशी करा. जुनी गाडी घेताना पैसे देण्यापूर्वीच करा.

३) बहिणीच्या नावाने रिकॉलची बातमी आली तर ती आपलीच समजून विचारणा करा. "आमच्याकडे काही नाही" असे उत्तर मिळाले तर तेही लेखी मागा.

४) भारतात आईवडिलांना गाडी घेऊन द्यायची असेल तर नाव आपण निवडू नये. त्यांच्या गावात कोणाचे सर्व्हिस सेंटर आहे ते आधी पाहावे. सत्तरीतल्या वडिलांना सर्व्हिसिंगसाठी ऐंशी किलोमीटर जावे लागणार असेल तर मोठ्या नावाचा त्यांना काय उपयोग?

आपल्या मंडळात इंजिनिअर आहेत, विमा क्षेत्रातले आहेत, गॅरेजशी रोजचा संबंध असलेलेही आहेत. कोणाकडे कोणती गाडी आहे, तिची बहीण कोणती, कोणता भाग कुठे आणि किती दिनारला मिळाला, अशी एक साधी वही मंडळाने ठेवली तर नव्या येणाऱ्या कुटुंबाला ती कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगी पडेल. कामासाठी दोन उत्साही सभासद आणि महिन्यातला एक शुक्रवार पुरे.

लग्न जमवताना आपण मुलीचे घराणे, आजोळ, नातेसंबंध सगळे विचारतो. काही हजार दिनारची आणि आपल्या लेकरांना रोज शाळेत नेणारी वस्तू घरात आणताना मात्र केवळ आडनाव पाहून होकार देतो. कुळाची चौकशी इथेही करावी. आडनाव आवडले तर खुशाल घ्यावे, जादा पैसेही मोजावेत, पण ते कशाचे मोजतो आहोत हे माहीत असावे.